झाकण

माझ्या पाटीवर लिहिलंय :
ट्रॉली, नंबर प्लेट, शाळेच्या भिंती,
तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल.
विमानाचं लिहिलेलं नाही.
ते मी रात्री करतो, शटर अर्धं ओढून,
बैलांतून उरलेल्या पांगाऱ्याच्या लाकडातून.
अठ्ठेचाळीसास एक.
म्हणजे चाळीस फुटांचे पंख
माझी एक वीत आणि वर बोटभर.

हरिकेन.
युद्धात इकडच्या पट्टीवर उतरायचं, म्हणतात.
कोण म्हणतं ते विचारू नका,
घारपुरे तेच विचारतात.
देवळालीहून त्यांचं कार्ड येतं, हिरव्या शाईत :
'आठवण म्हणजे पुरावा नव्हे. फोटो पाठवा.'

फोटो एकच, काळा-पांढरा.
त्या काळच्या काही फिल्मला लाल दिसत नसे,
लालाचं काळं व्हायचं, निळ्याचं फिकट,
आणि कोणती फिल्म होती हे फोटो सांगत नाही.
पंखावरच्या वर्तुळात मधला ठिपका
राखाडी आहे.
पाच महिने मी त्या राखाडीत बसलोय.
लोक तेवढ्यात घरकुल बांधून मोकळे होतात.

शेवटी बोडीपलीकडे गेलो, सुगरताबाई पटलेंकडे.
पट्टी झाली तेव्हा तिनं डोक्यावरून मुरूम वाहिलेला,
चुंबळ डोक्यापेक्षा मोठी होती त्या वयात.
विचारलं, पोटाचा रंग कोणता होता, माय?
'पारव्याच्या गळ्याखाली रायते ना, तसा.
उन्हात येगळा, ढगात येगळा.
तुले कोनता पायजे गा?'

मी वहीत लिहिलं : पारवा. खाली रेघ मारली.
तेवढ्यात चुलीवर दूध वर आलं
आणि तिनं झाकण सरकवलं.
पत्र्याचं, वाकडं, कडेला भोकांची रांग.
भोकं सारख्या अंतरावर होती.
पातेल्याच्या झाकणाला एवढी शिस्त कुठून आली?

'पडलं होतं तिथचं आहे. बापानं आनलं.
भोकातून वाफ जाते, दूध उतू जात नाही.'

मी खिशातून मापपट्टी काढली.
रिव्हेट ते रिव्हेट, तीनदा मोजलं.
तिला वाटलं मी दूध मोजतोय.
'चार शेर बसते,' म्हणाली.

रुपयाएवढी जागा मागितली, खरवडायला.
बोटाला थिनर, थिनरला ऐंशी वर्षांची काजळी.
काजळीखाली फिकट निळा.
निळ्याखाली पांढरा, घाईचा, ओघळ आलेला.
पांढऱ्याखाली
लाल.

म्हणजे हुकूम आला असणार, लाल काढा.
पलीकडच्यांचा सूर्य लाल, इकडचा ठिपका लाल,
आपल्याच तोफा आपल्यावर चालायच्या.
आणि कोणीतरी शिडी लावून, डबा घेऊन
एकेका पंखावर चढला असणार.
पांढऱ्यात ब्रशचा केस अडकलाय, एक, वाकडा.
माझ्या ट्रॉल्यांवर असे दहा निघतील,
मी ते अंगठ्यानं दाबून वरून वार्निश मारतो.
हा साहेब नव्हता.
साहेबाचा ब्रश केस सोडत नाही.
किंवा सोडतही असेल, मला काय माहीत.

'झालं का मोजून? दे इकडं,
माशी बसन सायीवर.'
दिलं. रुपयाएवढा लाल ठिपका वर करून
तिनं ते पातेल्यावर ठेवलं,
आणि दूध त्याखाली मुकाट झालं.

घारपुऱ्यांना कार्ड टाकलं :
मधला ठिपका आधी लाल, त्यावर पांढरा, त्यावर निळा.
पुरावा दुधावर आहे, उचलता येत नाही.
उत्तर आलेलं नाही.

परवा रात्री आधी लाल दिला,
कोणाला दिसणार नाही तरी.
दोन दिवस सुकू दिला. थंडी होती.
आज पांढरा देताना ब्रशचा केस राहून गेला.
या मापात केस म्हणजे सुतळी,
चूक ती चूकच.
मी चिमटा उचलला, दिवा जवळ ओढला,
आणि शटरखालून कोणी वाकून विचारलं,
पेंटर, नंबर प्लेट झाली का जी?