कपबशांचा हिशेब

टीव्हीवाल्यांच्या आधी मला कळलं होतं.
सोमवारच्या बैठकीला एकसष्ट कप मांडले,
चोवीस उपडे ते उपडेच राहिले.
मी ते न विसळताच फडताळात ठेवले
आणि कुणाला बोललो नाही.

मलबार हिलच्या या सरकारी बंगल्यात
एकोणीस वर्षं चहा करतो.
चार मुख्यमंत्री झाले माझ्या आधणावर.
जाणाऱ्याचा फोटो उतरतो, खिळा तोच राहतो.
किटलीही तीच.

कोण कसा पितो, एवढंच माझं राजकारण.
वसईच्या परेरांना आधी दूध, मग चहा.
मालतीताई इंगवले अर्धा टाकून उठतात,
मंत्री झाल्या त्या दिवशीही उठल्या होत्या.
आणि केरबा हातकर:
बिनसाखर, आलं किसून, ठेचून नाही,
वर वेलदोड्याचं साल. दाणा नको, नुसतं साल.
दौऱ्यावरून रात्री दीडला आले तरी
आधी पॅन्ट्रीत डोकावणार, "गंगाराम, जागा आहेस?"
पोरीच्या ॲडमिशनला फोन त्यांनीच केला होता.
अप्पांनी नाही.
अप्पांना सांगितलं होतं मी. दोनदा.

मंगळवारी रात्री पडदे ओढलेल्या दोन बसगाड्या
पवईकडे गेल्या म्हणे.
बुधवारी गेटवरच्या हवालदाराने वही उघडून दाखवली:
सकाळपासून एक सही नाही.
फाटकाबाहेर कॅमेरेच कॅमेरे,
पानवाल्याने दर वाढवले होते.

आत अप्पा. अगदीच एकटे नव्हते तसे.
दोन वकील, एक मेहुणा,
आणि एक तरुण आमदार, ज्याला तिकडच्यांनी
अजून विचारलंच नव्हतं.
तो सारखा मोबाईल बघायचा आणि खिशात ठेवायचा.

अप्पा म्हणाले, "गद्दार."
थोड्या वेळाने म्हणाले, "पोरं आहेत. येतील."
मग सोफ्याच्या मखमलीवर बोटाने आकडे मांडत बसले.
बरं असतं मखमलीचं.
उलटा हात फिरवला की
बहुमत होतं का नव्हतं, काही दिसत नाही.

दुपारी पॅन्ट्रीतला काळा फोन वाजला.
"पवईच्या हॉटेलातून बोलतोय, रूम सर्व्हिस.
इथे एक हातकर साहेब आहेत,
तीन वेळा चहा परत पाठवला.
म्हणाले, जमत नसेल तर त्या बंगल्यावर विचारा."

गॅसवर दूध चढत होतं.
दाराच्या फटीतून अप्पांची पाठ दिसत होती,
कालचाच सदरा, मधोमध चुरगळलेला.
मी विचार केला...
खोटं कशाला बोलू, नाही केला.
फोनला हात आडवा धरून सांगितलं,
"आलं किसून. ठेचायचं नाही. वेलदोड्याचं साल."
पलीकडचा पोरगा लिहून घेत होता.
"साखर?"
"नाही रे. साखर त्यांनी सोडली
ती पोटनिवडणूक हरली त्या रात्री.
दोघांनी एकदम. ते आणि अप्पा.
हा बंगला मिळेपर्यंत म्हणून सोडली होती,
मग सवयच लागली."

हे कशाला सांगितलं कोण जाणे.
पोराने विचारलं नव्हतं.

वळलो तर दूध उतू गेलेलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
करपल्याचा वास दिवाणखान्यापर्यंत गेला असणार,
कारण अप्पा दारात उभे होते.
"कुणाचा फोन?"
"हॉटेलचा," म्हटलं.

त्यांनी शेगडीकडे पाहिलं,
फडक्याकडे, माझ्या हाताकडे.
वकील आतून हाक मारत होता, तिकडे लक्ष नव्हतं.

"किसायला सांगितलंस ना?
ठेचलेलं चालत नाही त्याला."