दोनशे चाळीस

कामगार खात्याच्या कचेरीबाहेर, चिंचेखाली माझं टेबल.
चौथ्या पायाखाली विटेचा तुकडा.
अर्ज लिहून देतो, वीस रुपये.
एका बाजूला कन्नड, मागच्या बाजूला इंग्रजी.
आमची मराठी मधल्या घडीत,
जिथं कागद आधी फाटतो.

आज चांगुणा सांबरेकर आली. वडगावची.
कोन वाइंडिंग, दुसरी पाळी.
सुतानं तर्जनीला पाडलेली खाच अजून तशीच,
रेशनच्या यंत्राला तिचं बोट ओळखू येत नाही.
"बाहेरच्या सुतानं गिरण्या बुडाल्या,
त्याची भरपाई देतंय म्हणं सरकार.
मी बसतो काय त्यात?"
बघूया, म्हटलं.

रकाना सहा :
परदेशी मालामुळेच काम गेले याचा पुरावा.
तिनं पदर पुढं केला.
"ह्योच की. खडेबाजारात पावणेदोनशेला.
हात लावून बघा. आमच्या कोनावरचं सूत
एवढं गुळगुळीत कधी होतं?"
पदर टाचणीनं जोडता येत नाही.
मी लिहिलं : गिरणी बंदची नोटीस सोबत.

रकाना नऊ :
सलग बारा महिन्यांत
कामाचे दोनशे चाळीस दिवस भरलेले असावेत.
तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून
हजेरीचे उतारे काढले, नीट, दुमड न पडता.
दोनशे छत्तीस.
पुढच्या वर्षी दोनशे सदतीस.
मग परत छत्तीस.
अक्षर ओळखीचं.
तिनाची शेपटी एवढी लांब ओढायची
मला शाळेपासून सवय.

एकोणीस वर्षं टाइम ऑफिसात होतो.
दिवाळी झाली की मॅनेजर बोलवायचे.
बदलीवाल्यांचा आकडा चाळिसाला शिवू देऊ नका.
लेखी काही नाही.
चहा मात्र यायचा, कपबशीतून.
मग मी गेटच्या खिडकीशी बसायचो
आणि सकाळी सकाळी, भोंग्याच्या आधी,
एकेकाला सांगायचो,
आज काम नाही. उद्या ये.
कुणी का विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगणार होतो,
हे मी अजून ठरवलेलं नाही.

"त्यातले काही दिवस मला ठाऊक हाईत,"
चांगुणा म्हणाली. आवाजात राग नव्हता,
भाजीचा हिशेब सांगावा तसं.
"एकदा बसचे पैसे वाचवायला चालत आलेलो.
एकदा डबा तसाच घेऊन परत गेलो घरी.
पोरगं म्हणालं, आज सुट्टी? व्हय म्हटलं.
नाचलं की ते अंगणभर."

मी मुद्रांकाचा कागद आणला. माझ्या पैशानं.
मी, खाली सही करणारा, माजी टाइमकीपर,
असं लिहून देतो की
सदर कामगार हजर असताना
मी तिला गेटवरून परत पाठवले.
तारखा आठवत नाहीत.
माणूस आठवतो.
शेवटची ओळ खोडली. कायद्याला ती चालणार नाही.
सही केली. सहीची शेपटीही लांबच गेली.

खिडकीतला पोरगा बैलहोंगलचा. सभ्य.
सगळं वाचलं त्यानं, दोनदा.
माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं.
भरलेल्या दिवसांना रकाना होता,
कापलेल्या दिवसांना नव्हता.
कागद परत सरकवत म्हणाला,
साहेब दौऱ्यावर आहेत. नाळे बा.

चांगुणाला कन्नड येतं,
माझ्याहून चांगलं येतं,
सासर गोकाककडचं.
तरी ती माझ्याकडे वळली.
"काय म्हणतंय ते?"

मागं रांग होती. कुणीतरी खोकलं.
मी चष्मा काढला, पुसला, परत घातला
आणि सांगितलं,
उद्या ये.