काचेचं पाणी

पहिली गाडी मारली ती मंगळवारी.
झेलिन्स्कीबाईंची डॉज व्हॅन,
त्र्याण्णवचं मॉडेल, विटकरी रंग,
मीटरवर एक लाख शहाऐंशी हजार मैल
आणि मागच्या सीटखाली
कुण्या नातवाचा एकच, डावा स्केट.

ही व्हॅन मी तीनदा वाचवली होती.
एकदा गिअरबॉक्स, एकदा रेडिएटर,
आणि एकदा ऐन जानेवारीत,
रात्री अकराला, नदीच्या पुलावर,
बोटं बधिर होईस्तोवर.

टोलीडोत त्या उन्हाळ्यात
सरकार जुन्या गाडीचे साडेचार हजार डॉलर देत होतं.
अटी बऱ्याच होत्या. माझ्या वाट्याला आलेली एक:
इंजिन पुन्हा कुणाच्या कामी येता कामा नये.
पत्रक आलं होतं, आकृतीसकट.
तेल काढा. सोडियम सिलिकेट ओता.
चालू करा.
थांबेपर्यंत थांबा.

काचेचं पाणी म्हणायचो आम्ही त्याला.
पाकासारखं घट्ट, बिनरंगाचं.
तापलं की आत काच होते,
बेअरिंग धरतं, पिस्टन धरतो,
एक कण्हणं, थोडा खडखडाट, संपलं.
दीड मिनिट, फार तर दोन.
व्हॅनने सात घेतली.
मालक घड्याळ बघत उभा होता, शेवटी म्हणाला,
"चांगलं काम केलंयस तिच्यावर."
मी फडकं शोधत राहिलो.

नाही, मी रडगाणं गाणार नाही.
ती व्हॅन गॅलनला चौदा मैल जायची,
तिच्यामागे उभं राहिलं की डोळे झोंबायचे.
झेलिन्स्कीबाई नव्या निळ्या गाडीत बसल्या
आणि त्यांनी आधी आरसा नीट केला,
मग त्यात बघून केस.
माझ्या जावयाला कारखान्यातून फोन आला,
दुसरी पाळी पुन्हा सुरू.
अकरा आठवडे तो मान वर करून जेवला.
मग योजनेतले पैसे संपले, पाळीही संपली.
अकरा आठवडे म्हणजे काहीच नाही, असं
ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं.
माझ्या मुलीसमोर नको.

पण रात्री झोप लागली नाही की मी हिशेब मांडायचो
आणि तो दर वेळी वेगळा यायचा.
नव्या गाडीचं पोलाद वितळताना जो धूर निघाला
तो कुणाच्या नावावर?
जी माणसं पुढच्या वर्षी गाडी घेणारच होती
त्यांनी ती यंदा घेतली,
तर सरकारने विकत घेतलं काय, एक वर्ष?
नव्याचे नऊ दिवस,
हप्त्यांचे साठ महिने,
आणि झेलिन्स्कीबाईंना तेव्हा एकाहत्तरावं लागलेलं.

ऑगस्टच्या शेवटी ओफेलिया बारागान आली.
वृद्धाश्रमात रात्रपाळीला असते म्हणाली.
लिफाफ्यात नऊशे डॉलर, बहुतेक विसाच्या नोटा.
चालणारी कुठलीही गाडी. रंग कसलाही.
आवारात सदतीस उभ्या होत्या,
काचांवर पिवळे आकडे.
तिने विटकरी व्हॅनच्या दारावर हात ठेवला.
"ही?"
"मेलीय ती."
"कशाने?"
काय सांगणार. म्हटलं, "मी मारली."

तिने टायर पाहिले. नवेच होते,
एप्रिलमध्ये मीच बसवलेले.
मग माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे,
रोग्याला कुशीवर वळवण्याआधी
वजनाचा अंदाज घेतात तसं.
"चालत होती?"
"इथवर चालतच आली."

तिने लिफाफा पर्समध्ये ठेवला, चेन शेवटपर्यंत ओढली,
आणि विचारलं, इथून शेवटची बस किती वाजता असते.
एकतीस वर्षं झाली मला या रस्त्यावर.
मला माहीत नव्हतं.