जुन्या तिन्हींसारखा नसावा

एकतीस जुलैला माझ्या दाराला कडी लागत नाही.
कन्नमवार नगर, तळमजला, नळाच्या बाजूची खोली.
रंगांच्या कंपनीत सव्वीस वर्षं खतावण्या लिहिल्या,
तेवढ्यावर अख्ख्या इमारतीला वाटतं
आयकर खातं माझा मावसभाऊ आहे.

येतात फॉर्म सोळा घेऊन,
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी,
आणि पासवर्ड मात्र कानात सांगतात.
तांडेलांची सून: पापलेट, मग वेटोळं अ, मग एकदोनतीन.
जिमवाल्या निनादचा पासवर्ड एका मुलीचं नाव,
त्याच्या बायकोचं ते नाही.
मी एवढंच विचारलं, पहिलं अक्षर मोठं ना?

कोणाची ठेव कुठे, व्याज किती,
मंदिराची पावती नसताना देणगी कोण सांगतं,
वर्गणीला पन्नास देताना खिसे चाचपणारा
खरंच किती कमावतो,
सगळं माझ्याकडे आहे.
जिन्यात भेटले की मी पाण्याच्या वेळा बोलते.

साडेनऊला पागधरेकाका आले.
गोदीत क्रेन चालवलेला माणूस,
खुर्चीवर बसतो तोही खाली कोणी नाही ना बघून.
म्हणाले, पासवर्ड तोच. हिचं नाव, पुढे साल.
कुठलं साल, काका?
जन्माचं घातलं. चूक.
लग्नाचं घातलं. चूक.
मग जरा थांबून त्यांनी तिसरं एक साल सांगितलं,
मला ते ठाऊक होतं, स्मशानात मीही गेले होते.
तेही चूक. खातं बंद.

नवा करायचा तर ओटीपी,
आणि ओटीपी गेला मस्कतला,
मुलाच्या नंबरवर, मुलगा पाळीवर.
आम्ही वाट बघत बसलो.
खाडीकडून डास आले.
काका म्हणाले, पहिल्या वेळी ती इथेच बसली होती,
हसली होती, मला सरकारदरबारी अडकवलंत म्हणून.

अकरा वाजता सहा आकडे आले.
त्यांनी पुन्हा तेच टाकायला लावलं,
पुष्पलता, पी मोठा, जन्माचं साल.
लाल अक्षरांत उत्तर आलं:
नवा पासवर्ड जुन्या तिन्हींसारखा नसावा.

म्हणजे तोच होता, काका!
नाव बरोबर, साल बरोबर,
मघाशी पी तेवढा लहान पडला.

त्यांनी ती लाल ओळ वाचली,
चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.
यंत्राला आठवतंय तर, म्हणाले.
मग म्हणाले, ताई, जरा तिकडे बघ.

मी गॅसकडे बघत उभी राहिले.
एका बोटाने ठक. बराच वेळ काही नाही. ठक.
वळले तेव्हा पडद्यावर अकरा काळे ठिपके
आणि काकांच्या कपाळावर घाम.

पुढचं सोपं होतं.
पेन्शन, पोस्टातलं व्याज,
परतावा आठशे सत्तर रुपये.
बायकोचं नाव विचारणारा रकाना
मी वरपासून खालपर्यंत शोधला, नाही.
शेवटी प्रतिज्ञा असते, मी अमक्याचा मुलगा,
माझ्या माहितीप्रमाणे हे सारं खरं आहे.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गोविंद पागधरे यांचे चिरंजीव
म्हणाले, दाब.

दारातून परत फिरले.
लिहून ठेवू का कुठे?
नको म्हटलं.
पुढच्या जुलैत विसरलात तर बघू.

मग माझं विवरणपत्र उरलं, बाराला सात कमी.
माझा पासवर्ड आमच्या कंपनीचं नाव,
तिच्या जागेवर आता मॉल आहे,
सरकत्या जिन्यापाशी कुठेतरी माझं टेबल असणार.
अक्षरं टाकली, पी लहान की मोठा हा प्रश्न नव्हता,
नुसतीच बघत बसले,
आणि सत्र संपलं, असं लिहून आलं,
पुन्हा सुरुवात करा.