ताण

फर्मीनने वेळू हातात घेतला तेव्हा जानेवारी होता
आणि एन्कार्ना नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती,
अंगणाकडच्या खिडकीपाशी, खाटेवर.

वेळूच्या टोकाला टोमॅटोचा रिकामा डबा,
तारेने आवळलेला. तिनेच कधीतरी आवळलेला.
वरच्या रांगेतल्या कुंड्यांपर्यंत तेवढाच पोचतो.
चाळीस वर्षं ती मान वर करून पाणी घालत राहिली
आणि तो कॉर्डोबाभर बस हाकत राहिला,
संध्याकाळी दारात टोपी काढून म्हणायचा,
छान फुललंय.
एकशे बारा कुंड्या. त्याने पहिल्यांदाच मोजल्या.

खतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.
दुकानातल्या पोराने निळ्या दाण्यांची पिशवी दिली:
पंधरवड्याला एकदा, चिमूटभर.
फर्मीनने दर रविवारी मूठभर घातलं.
वर कॉफीचा चोथा, कुटलेली अंड्याची टरफलं,
केळीच्या साली भिजवलेलं पाणी,
आणि मेंढ्यांच्या लेंड्या, तीन पोती, मेव्हण्याच्या गाडीतून.
मेव्हणा अजून नीट बोलत नाही.

आत तितक्याच नेमाने
हाडांचं सूप, बदामाचं दूध, अंड्याचा बलक.
अजून एक घास. माझ्यासाठी.
ती तोंड उघडायची, त्याच्यासाठीच.
रात्री सगळं बादलीत.

एप्रिलमध्ये चुना दिलेल्या भिंती दिसेनाशा झाल्या.
पानं बशीएवढी, देठ बोटाएवढे,
हिरवं हिरवं हिरवं,
आणि कळी एक नाही.
गल्लीत इतर अंगणांच्या दारांशी परगावची माणसं थबकत होती.
त्याने आपलं दार लोटून घेतलं.

शेजारची कासिल्दा काठी टेकत आली,
एक पान चुरगाळून हुंगलं.
माजलीत, म्हणाली.
भरल्या पोटी कोण फुलतं, फर्मीन?
जिरेनियमला थोडी भूक लागते. थोडी तहान.
मुळं कुंडीच्या कडेला जाऊन टेकली,
यापुढे जागा नाही हे कळलं,
की मग ते फुलायचं मनावर घेतं.
खत बंद. पाणी तोड.
ताण दे त्यांना.
मरतील की.
एखादं मरेल.

वेळू नऊ दिवस भिंतीला टेकून उभा.
फर्मीन रोज संध्याकाळी मातीत बोट खुपसायचा,
दुसऱ्या पेरापर्यंत,
आणि कोरडं बोट विजारीला पुसून आत यायचा.

दहाव्या संध्याकाळी वाटीत चमचा बुडवता बुडवता थांबला.
नको?
इतक्या महिन्यांत हा पहिलाच प्रश्न.
तिने मान हलवली.
त्याने वाटी खाली ठेवली.
आता हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.
खिडकीतून बघत ती म्हणाली,
सुकलेलं पान ओढायचं नसतं.
खुडायचं. नखाने.
बरं, म्हणाला.
बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग तिनेच मागितली
संत्र्याची एक फोड.
एकच.

पहिली कळी उमलली तेव्हा मे सरत आला होता,
परगावची माणसं केव्हाच पांगली होती.
मग दुसरी, मग त्याचा हिशेब चुकला.
लाल, आणि एका कोपऱ्यात तो गुलाबी,
ज्याचं नाव फक्त तिला ठाऊक.

तो दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन.
छान फुललंय म्हणाला नाही.
म्हणाला, एकशे नऊ.
तीन गेली.

दरवर्षी जातात, ती म्हणाली.
मी सांगत नव्हते.