ओ

रविवारी संध्याकाळी सातला आबिलिओचा फोन येतो
आणि सात वाजून नऊ मिनिटांनी घरातलं इंटरनेट मरतं.
साडेचार मिनिटांनी उठून बसतं,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं: कंपनीचा.
होर्ताहून त्यांचा माणूस आला, वाल्देमार,
बूट दाराशी काढले, मोडेमला मीटर लावलं,
म्हणाला, लाइन आरशासारखी आहे, बाई.
आईनं कापून दिलेलं चीज खाल्लं आणि गेला.

मग पिवळी केबल काढून करडी लावली,
करडी काढून पुन्हा पिवळी.
या बेटावर तांब्याला खारा वारा लागतो, हिरवं चढतं,
म्हणून टोकं स्पिरिटनं पुसली.
फ्रीजचा प्लग वेगळा केला.
बिनपंख्याचा तो काळा डबा तापतो, म्हणून
भिंतीवरून उतरवून दोन फरश्यांवर ठेवला.
श्वास रोखून नवं फर्मवेअर चढवलं.
पुढच्या रविवारी: सात वाजून अकरा.

डबा आबिलिओचा.
फॉल रिव्हरला निघाला त्याच्या आदल्या रात्री
त्यानं तो भिंतीत ठोकला होता,
साखरेच्या पुडीवर पासवर्ड लिहून दिला,
म्हणाला, आता घरात कुणी घुसणार नाही.
कोण घुसणार होतं?
मी, आई, आणि कुंपण तोडून कधीमधी
मेन्डोन्साची तांबडी गाय.

शेवटी नोंदी उघडून बसले.
डेअरीच्या सोसायटीचे हिशेब लिहिते मी,
रकमांच्या रांगेत खोट कुठे दडते
ते बोटाला आधी कळतं, मग डोळ्याला.
रात्री दीडपर्यंत बोट फिरवलं, आणि सापडलं.

डबा दर अर्ध्या सेकंदाला
कंपनीच्या दाराशी हाक मारतो:
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.
आहेस?

रविवारची संध्याकाळ.
अख्खं बेट आपापल्या दूरच्या पोरांशी बोलत असतं,
त्या दारावरच्या यंत्राला मान वर करायला फुरसत नसते.
बोलणी ते इमानानं पोचवतं,
नुसत्या हाकेला ओ द्यायचं तेवढं राहून जातं.
शंभरातल्या वीस हाका कोऱ्या परतल्या
की डबा निकाल देतो: मेलं.
आणि चालू असलेलं सगळं बोलणं
स्वतःच्याच हातानं तोडतो.

म्हणजे लाइन जिवंत होती.
वाल्देमार खरं बोलला होता.
मी अंधारात एकटीच हसले, मग हसू आलं तसं गेलं.

कारण आई.
आईला काही विचारलं की ती आधी खिडकीबाहेर बघते,
पिकोच्या डोंगरावर ढग कुठवर उतरलाय ते,
मग ओठांवरून पदराऐवजी हातरुमाल फिरवते,
मग कुठे बोलते.
तेवढ्यात तिकडून:
हॅलो? हॅलो? आई? गेला वाटतं आवाज. ठेवतो गं.
डब्यानं तोडलेले फोन नोंदीत होते, तारीखवार.
हे कुठेच नव्हते.

वीसच्या जागी साठ केले.
अर्ध्या सेकंदाचे दोन सेकंद.
'मेलं तर सगळं तोड' समोरची खूण काढून टाकली.
साखरेची पुडी घडी घालून परत डब्यामागे सरकवली.

या रविवारी सात नऊ झाले, सात अकरा,
सव्वासात.
हिरवा दिवा आपला लुकलुकत.
आबिलिओनं विचारलं, गुडघा कसा आहे?
आईनं मान खिडकीकडे वळवली.
डोंगर आज दिसत नव्हता, त्यामुळे जास्तच वेळ.
हॅलो? तो म्हणाला. हॅ—
मी फोनपाशी तोंड नेलं:
थांब. लाइन चालू आहे.

त्याचा श्वास ऐकू येत होता. एक गाडी गेली तिकडे.
आईनं हातरुमाल फिरवला, आणि म्हणाली,
कुठला?