वाकडी खुर्ची

घणसोलीचं समाजमंदिर, वरचा मजला.
प्लास्टिकच्या अकरा खुर्च्या, एकीचा पाय वाकडा.
वाकडी मी घेते.
तू माझ्या बरोबर समोर बसतोस, इंद्रजित,
शेजारी नाही.
शेजारी बसलो की आपण परीक्षक होतो
आणि बाकीचे उमेदवार.
समोर असलास की माझ्या पाठीमागचं दार तू सांभाळतोस;
कोण उठून जायच्या बेतात आहे
ते मला तुझ्या भुवईवरून कळतं.

ज्यांच्या घरी दारू सुटत नाही
त्यांच्या बायका, आया, एक सतरा वर्षांचा मुलगा.
बुधवार, साडेसहा.
खाली कॅरम चालू असतो. स्ट्रायकरचा आवाज वर येतो
नेमका कुणीतरी गप्प झाल्यावर.

त्या दिवशी सुगंधा मढवी बोलता बोलता थांबल्या,
चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.
मी मनात मोजत होते. एकवीस, बावीस.
तुझा तळहात मांडीवर पालथा:
थांब. आपली ठरलेली खूण.
मी थांबले नाही.
"खूप जड जातंय ना?"
त्यांनी पदरानं नाक पुसलं,
"नाय ओ, बरा हाय," म्हणाल्या,
आणि ओठांपर्यंत आलेलं
आल्या वाटेनं आत गेलं.

मग तू, सगळ्यांदेखत:
"मला वाटतं, आपण घाई केली."
'आपण' म्हणालास. मला 'तू' ऐकू आलं.
कानशिलं तापली.
"मला ती शांतता सोसली नाही," मी म्हटलं.
"पण विचारलं ते चुकलं, असं अजूनही वाटत नाही."
"मला वाटतं."
"वाटू दे."

फिरोजानं पर्स छातीशी धरली.
मुलानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.
दोन आवाज असे समोरासमोर आले
की पुढे काय फुटतं,
खोलीत सगळ्यांना पाठ होतं.

पंखा फिरत होता.
तू पाण्याची बाटली उचललीस,
चार हातांतून ती माझ्यापर्यंत आली.
मी प्यायले.

"झाला? इतकाच?" सुगंधाताईंनी विचारलं.
"इतकंच."
"आमचे घरान इतक्यावर ताट गेला असता भिंतीवर."
आणि कुणी न विचारता
त्या ताटाचं सांगू लागल्या.
पितळेचं. आईनं दिलेलं.
अजून ओट्यावर तिरकं बसतं,
त्यात आमटी एका बाजूला जाते.
अर्धा तास. खाली कुणी राणी घेतली, ओरडा झाला,
वर कुणाची मान वळली नाही.

नंतर खुर्च्या रचताना तू म्हणालास,
मी गप्प राहिले असते तर ताट आधीच आलं असतं.
मी म्हटलं, आपण भांडलो म्हणून आलं.
नोंदवहीत दोन्ही लिहिलं,
तू निळ्या पेननं, मी काळ्या.

जिन्यात तू म्हणालास,
पुढच्या बुधवारी वाकडी मला दे.
बघू, म्हटलं.